कथबर्ट हेडलीच्या लीकवरचा शिक्का

मी मुळात संशयी माणूस. आमचं अख्खं गावच संशयी आहे, आणि त्याला कारण लीक. कांद्याच्या पातीचा हा दांडगा भाऊ आम्ही मनगटापेक्षा जाड वाढवतो, सप्टेंबरात क्लबात मांडतो, फितीने मोजतो आणि पहिल्या नंबरासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. वाफ्याला कुलूप, कुलपापाशी कुत्रा, आणि कुत्र्यावर शेजाऱ्याचा डोळा. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी क्लबचा सेक्रेटरी प्रत्येकाच्या वाफ्यावर जाऊन लीकवर शिक्का मारतो, म्हणजे ऐनवेळी कुणी दुसऱ्याचा माल आपला म्हणून आणू नये. तो शिक्का बावीस वर्षं माझ्या खिशात आहे.

कथबर्ट हेडली हा निवृत्त बस ड्रायव्हर. उंच, घुमा, दहा शब्दांच्या जागी दोन वापरणारा. त्याचं बियाणं त्याच्या खाणकामगार बापाचं. बापाने सदतीस वर्षं मांडलं, नंतर याने बत्तीस. थोरली मुलगी झाली त्या दिवशीही हा आधी क्लबात आला आणि मग दवाखान्यात गेला. त्याची बायको नोरीन ते अजून ऐकवते.

त्या ऑगस्टात शिक्क्याच्या आदल्या दिवशी विल्फ स्टॉब्सच्या वाफ्यातले लीक कुणीतरी कापून टाकले. विल्फ आणि कथबर्टचं तीन वर्षांपासून वाकडं होतं. विल्फच्या मेहुणीने पहाटे विल्फच्या वाफ्याच्या फाटकापाशी कथबर्टला पाहिलं म्हणे. झालं! दुपारपर्यंत गावाचा निकाल लागला होता. माझाही.

पोलीस तसे समजूतदार. म्हणाले, "हेडली, कबूल करा, सही करा, ताकीद देऊन सोडतो. कोर्ट नाही, वकील नाही, खर्च नाही."

"मी केलं नाही," कथबर्ट म्हणाला.

"मग कोर्टात या."

सरकारी खर्चाने वकील मिळायला त्याचं पेन्शन जास्त पडलं, म्हणून न्यूकॅसलचा खाजगी वकील धरला. वकील मात्र हुशार निघाला. मेहुणीला विचारलं, चेहरा दिसला का? नाही, टोपी दिसली. कसली टोपी? करडी, चपटी. तेव्हा मागच्या बाकांवर आम्ही अकरा जण बसलो होतो आणि अकराही जणांच्या मांडीवर करडी चपटी टोपी होती. कथबर्ट सुटला. निर्दोष.

मला वाटलं, मिटलं. पण पंधरवड्यात त्याचं काचघर विकलं गेलं. काचा, सांगाडा, सगळं एका ट्रकवर चढताना गावाने पाहिलं. मग नोरीनची गाडी गेली.

"निर्दोष माणूस पैसे कशाला भरतोय?" विल्फ क्लबात म्हणाला. "दंड झालाय त्याला. आतल्या आत मिटवलंय."

"वकिलाची फी आहे ती," मी म्हटलं.

"फी? मग सुटल्यावर कोर्ट परत करेल की! खटला त्यांनी भरला, हरले ते. दुकानदाराने खराब दूध दिलं तर पैसे परत देतो का नाही?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. मीच ठराव लिहिला: कोर्टाने कथबर्टचा सगळा खर्च परत केला तरच त्याला प्रदर्शनात घ्यायचं.

जुलैत चेक आला. फी एकेचाळीसशे पौंड, परत आले सातशे. सरकारी खर्चाने दिलेल्या वकिलाला जो दर मिळतो त्या दराने, बाकीचे तुमचे तुम्ही बघा. कथबर्टने चेकसोबतचं पत्र क्लबात आणून माझ्यापुढे ठेवलं. विल्फने चष्मा लावून वाचलं.

"सहाव्या हिश्श्याने निर्दोष!" तो म्हणाला. "बाकी पाच हिस्से कुठे गेले रे कथबर्ट?"

सगळे हसले. कथबर्टने पत्राची घडी घातली आणि तो निघून गेला. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त मनात म्हटलं, कोर्टाला काहीतरी माहीत असणार.

शिक्क्याच्या दिवशी त्याच्या फाटकावरून मी सरळ पुढे निघालो होतो. त्याने हाक मारली.

"नॉर्मन, आत ये."

लीक तयार होते. पानं पुसलेली, माती सारखी केलेली. काचघराच्या जागी नुसता सिमेंटचा चौथरा होता. त्यावर उलट्या बादलीवर बसून तो म्हणाला, "क्लबच्या नियमात आणखी एक कलम आहे ना? लीक कापणाऱ्याने लेखी कबुली दिली, माफी मागितली, तर एक वर्ष बंदी. मग परत."

"आहे."

"वर्ष झालं. कागद काढ."

"कथबर्ट, अरे तू सुटलायस."

"पुन्हा खटला भरता येत नाही. एवढं तरी त्या पैशांत कळलं. लिही तू."

मला राग आला. म्हणजे वर्षभर आम्हाला उल्लू बनवलं की काय याने? मी फणकाऱ्याने कागद काढला. कबुलीत तपशील लागतो.

"किती कापलेस?"

तो म्हणाला, "किती होते?"

मी वर पाहिलं.

"तूच सांग ना, नॉर्मन. तू तर पाहिलेस. कशाने कापले होते? सुरीने?"

"फावड्याने," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सहा होते."

"मग सहा लिही. फावडं लिही."

मी लिहिलं. तो जन्मभर बसच्या वहीत फेऱ्यांची नोंद करत आला तशा नीट, सुटसुटीत अक्षरात त्याने खाली नाव घातलं.

"पोलिसांकडेच सही केली असती," तो म्हणाला, "तर काचघर राहिलं असतं, नोरीनची गाडी राहिली असती, आणि आजही तू इथेच उभा असतास. मार शिक्का."

मी मारला.

प्रदर्शनात त्याचा नववा नंबर आला. विल्फने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. "चूक कबूल करायला मोठं मन लागतं," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कथबर्ट माझ्याकडे बघत होता. मीही टाळ्या वाजवल्या.