कपॅसिटरचं वरचं साल

शाळेतला आमचा जुना कॉम्प्युटर 'टुक्' करून जागा व्हायचा. मुलांनी केलेल्या कविता त्याच्यातच आहेत, दुसरी प्रत नाही.

मित्रांनो, त्याच्या मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारीक डब्या, फुगले होते. १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. आज भंडाऱ्याहून तसेच आणले. सवयीनं एकाचं प्लास्टिक सोललं, तर खाली दुसरं साल, त्यावर ६.३ व्होल्ट! कमी ताकदीच्या मालावर खोटं लेबल! बसवला असता तर आज ना उद्या फुटला असता. शिसारी आली.

दुकानदाराला फोन केला. माझाच विद्यार्थी.

"काहून सोलून राहिले गुरुजी? कांदा हाय का तो?" वर हसला!

असल्यांना आपण कविता कशाला शिकवल्या, सांगा?

हे लिहीत असतानाच दार वाजलं. दारात त्या दुकानदाराची म्हातारी आई, फोनवरचं ऐकून भंडाऱ्याहून आलेली, हातात दुकानातला एक जुना बोर्ड.

"याच्यातले असली काढून घ्या जी. माह्या पोराचीबी कविता हाय न त्यात, मले ऐकाची हाय."