जकार्त्याच्या चौकातला रथ

ते फोटो खरे होते, हे मला नकार कळवण्याच्या आदल्या दिवशीच ठाऊक होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

भाचीला स्थळ आलं होतं. माझी धाकटी बहीण धारला असते, विधवा आहे. भाची मात्र देवासला आमच्याकडे राहून शाळेत शिकवायची. मुलगा खातेगावच्या मराठी घरातला, सोयाबीनच्या कंपनीत, नोकरी जकार्त्याला. आम्हा माळव्यातल्या मराठी घरांची एक रीत आहे. मुलीचा मामा मुलाच्या गावी जातो, आपण कोण ते न सांगता चहाच्या टपरीवर, देवळाच्या ओट्यावर बसतो, आणि त्या घराचा कानोसा घेतो. मामानं होकाराची मान डोलावली तरच पुढचं बोलणं.

खातेगावात मी पानवाल्याला विचारलं. तो चुना लावता लावता म्हणाला, "वो लड़का? बाहर है भिया, मुंबई-वुंबई कहीं. माँ बोलती है फॉरेन. अब माँ तो बोलेगी ही."

मला तेवढं पुरलं.

घरी आलो तर भाची मुलानं पाठवलेले फोटो घेऊन बसलेली. एकात उंच पांढरा खांब, टोकाला सोन्याची ज्योत. "हे त्यांचं राष्ट्रीय स्मारक, मामा." असले खांब कुठेही उभे करतात, मी म्हटलं. दुसऱ्यात ऑफिसच्या भिंतीवर पंख पसरलेला गरुड, छातीवर ढाल. "आपले सिंह, तसा त्यांचा गरुड." विष्णूचं वाहन, मुसलमानांच्या देशात, सरकारी चिन्ह म्हणून? मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिसऱ्या फोटोनं तर माझी खात्रीच पटली. भर चौकात कारंजी, कारंज्यांत रथ, रथात धनुष्य ताणलेला अर्जुन, पुढे सारथी कृष्ण. आणि घोडे चार नव्हेत, रांगच्या रांग.

"अगं, अर्जुनाच्या रथाला चार घोडे. लहानपणापासून कॅलेंडरावर बघतोय. हे इंदूरकडच्या कुठल्या तरी वॉटर पार्कातलं आहे. आणि फोनचा नंबर बघ त्याचा, आपल्याकडचाच."

"जुना नंबर ठेवतात हो लोक. नेटवर शोधू का?"

"नेटवर कोणीही काहीही टाकतं."

"बरोबर," ती हसली. "त्यापेक्षा पानवाल्यालाच विचारते."

त्या रविवारी धारला बहिणीकडे बसलो. मी घोड्यांचा मुद्दा वकिलासारखा मांडला. बहिणीच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली.

"दादा, मला बाई यातलं काही कळत नाही. तू म्हणशील तसं."

"घोड्यांवरून माणूस खोटा ठरतो का?" भाचीनं विचारलं.

"गप गं. मामा बोलतोय ना."

भाची आईजवळ थांबली, मी एकटाच देवासला परतलो. दुपारी पोचलो तेव्हा बायको बाजारात गेलेली; आतल्या खोलीत वडील, अर्धांगानं पलंगाला खिळलेले. मी फोन काढला आणि जकार्ता शोधलं. रथ होता. तोच चौक, तीच कारंजी, तेच घोडे. तिथून जवळच तो पांढरा खांब. गरुड तर त्यांच्या प्रत्येक सरकारी कागदावर. त्या लोकांना महाभारत परकं नव्हतं. मलाच ते कॅलेंडरापुरतं माहीत होतं.

एवढ्यात आतून वडिलांनी हाक मारली. मला नव्हे, भाचीला.

तेव्हा माझं मला कळलं. वडिलांना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं तीच करायची, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. आम्ही दोघं नवराबायको नोकरीवर. ती जकार्त्याला गेली तर हे कोण करणार? हा प्रश्न खातेगावला जातानाच माझ्या पोटात होता. मुलावर संशय घेणं त्यापेक्षा सोपं होतं, आणि दिसायला कर्तव्यासारखं.

फोनवर शोधलेलं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी खातेगावला कळवलं, पत्रिका जुळत नाही. घरच्यांना सांगितलं, मी सगळी चौकशी केली, मुलगा फसवा आहे, आणि भाचीनंही ते खरं मानलं. ही दुसरी गोष्ट आमच्या लोकांत लगेच पसरली. एका मुंजीत मी स्वतःच ऐकलं, "वो जकार्तावाला? अरे, फर्जी निकला." मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

वडील गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत भाची होती, मी दौऱ्यावर होतो. ती आजही देवासलाच शिकवते, वेगळी खोली घेऊन राहते. नंतरही स्थळं आली. प्रत्येकात तिनं स्वतःच काही ना काही खोट काढली: याचा आवाज गुळमुळीत, त्याचं हसणं बनावट. बहीण म्हणते, पोरीला कुणाचा विश्वासच वाटत नाही. तो कुठे हरवला, हे मला माहीत आहे.

गेल्या दिवाळीत तिची एक मैत्रीण फराळाला आली होती. भाचीनं माझी ओळख करून दिली, "हे माझे मामा. यांनी मला एका फ्रॉडपासून वाचवलं." मैत्रीण कौतुकानं माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "चिवडा घ्या ना."

तिची गेलेली वर्षं मला परत करता येणार नाहीत. पण तो मुलगा खरा होता आणि मला ते माहीत होतं, हे तिच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो. मग खातेगावला जाऊन, या वेळी आपण कोण ते सांगून, त्याच्या आईलाही. दोन्ही अजून राहिलं आहे.