फ्यूज मी बदलला होता

आमच्या घरात एक किस्सा गेली तीसेक वर्षं सांगितला जातो. बारसं असो की साठीशांत, जेवणं आटोपली की माझा मेहुणा पान तोंडात घालून सुरू करतो, "त्या कोपरीच्या कोळ्यानं आमची व्हॅन कशी पेटवली, ऐका!" मग सगळे हसतात. मीही हसत आलो. किस्सा साफ खोटा आहे. व्हॅन माझ्यामुळे पेटली, आणि हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. एका औषध कंपनीनं काढून टाकलेली डिझेल व्हॅन मेहुण्यानं आणि मी मिळून घेतली. गणपतीला कोकणात जायचं, वाटेत कुठेही थांबायचं, आत फळ्या टाकून झोपायचं, असा बेत होता. आत दिवा, पंखा आणि टीव्हीही हवा होता. त्याचं वायरिंग करायला कोपरीतला एक कोळी इलेक्ट्रिशियन बोलावला. वयानं माझ्याएवढाच, पण आम्ही दोघंही त्याला अरेतुरे करत होतो आणि तो आम्हाला साहेब म्हणत होता. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नाही.

त्यानं तीन रविवार काम केलं. व्हॅन सुरू करायच्या बॅटरीशेजारी दुसरी मोठी बॅटरी बसवली. "टीव्ही बघून ही उतरली तरी गाडी चालू झाली पाहिजे," तो म्हणाला. बॅटरीला लागूनच त्यानं पंधरा अँपियरचा फ्यूज लावला आणि मला मुद्दाम वाकून बघायला लावलं. "साहेब, ही तार जेवढं सोसते तेवढाच हा फ्यूज आहे. उडाला तर एक वस्तू बंद करा. याच्यात दुसरं काय घालायचं नाय."

मी मान हलवली. मनात हसलो. बारा व्होल्टची तर बॅटरी! दोन्ही टोकांना बोटं लावली तरी झिणझिणी येत नाही, त्याला एवढं काय भ्यायचं? व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो आणि तार तापते ती करंटनं, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत फ्यूज उडाला की लोक मला हाक मारायचे. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तांब्याचे दोन पेड जास्त पिळले की पुन्हा कटकट नाही, ही आमची रीत होती. घरोघरी तेच. मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

निघायच्या आदल्या रविवारी दुपारी मेहुण्यानं भाड्यानं व्हीसीआर आणला, सोबत रंगीत टीव्ही आणि हे सगळं बॅटरीवर चालवायला कुठूनसा एक इन्व्हर्टर. इमारतीतली मंडळी आवारात खुर्च्या टाकून बसली. सासूबाई व्हॅनमध्ये गादीवर. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच फ्यूज उडाला. मी दुसरा लावला, तोही उडाला.

"भाऊजी, इज्जतीचा प्रश्न आहे," मेहुणा म्हणाला.

"पंखा बंद करू," असं मी म्हणायला हवं होतं. मी तांब्याची जाड तार काढली आणि फ्यूजच्या जागी पिळून घातली. टाळ्या पडल्या!

अर्ध्या तासानं गादीखालून धूर आला. वायर गादी आणि ट्रंकेच्या मध्ये दबलेली होती. तापून तिचं वेष्टण वितळलं, ती व्हॅनच्या पत्र्याला टेकली, करंट तोडायला फ्यूज नव्हता, आणि गादी पेटली. बायकांनी सासूबाईंना ओढून बाहेर काढलं, पण त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लोक बादल्या घेऊन धावत होते तेव्हा मी काय करत होतो? पक्कड घेऊन ती तांब्याची तार काढत होतो. ती मी गटारात टाकली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो इलेक्ट्रिशियन सायकलवरून आला. जळलेली वायर हातात धरून त्यानं विचारलं, "साहेब, फ्यूज कुठंय?"

"जळाला असेल," मी म्हणालो.

"फ्यूज असा जळत नाय. माझा फ्यूज असता तर वायरीला कायच झालं नसतं."

मेहुणा अंगावर धावला. "वर तोंड करून बोलतोस? आईचा हात बघ आमच्या! मासे पकडायचे सोडून वायरी कशाला पकडतोस रे?"

इमारतीतली शिकलीसवरलेली माणसं खो खो हसली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चपलेकडे बघत राहिलो. कल्याणच्या एका टूरवाल्याच्या गाड्यांचं काम त्याला मिळायचं ठरलं होतं. मेहुण्यानं त्या टूरवाल्याला हा किस्सा ऐकवला, आणि ते काम गेलं.

मागच्या महिन्यात मेहुण्यानं पुन्हा किस्सा काढला. मी तिथेच उठून खरं सांगितलं. कुणी दचकेल, चिडेल असं वाटलं होतं. मेहुणा म्हणाला, "जाऊ दे हो भाऊजी! एवढ्या वर्षांनी काय त्याचं? किस्सा असाच मजेदार आहे." आणि ताटं उचलली गेली. एका माणसाची अब्रू यांना मुखवासासारखी चघळायला लागते!

दुसऱ्या दिवशी मी कोपरीला गेलो. तो आता पार थकलाय. माझं बोलणं त्यानं शांतपणे ऐकलं. "मला तवाच माहीत होतं," म्हणाला. मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. साहेब काय सांगतात ते ऐक. तुला माझं खरं वाटत नव्हतं ना?"

त्याची बायको हात पुसत आली. मी सगळं पुन्हा सांगितलं, तारेचं आणि गटाराचंही. तिचे डोळे लाल झाले.

"मी यांना किती बोलले!" ती म्हणाली. "म्हातारीचा हात जाळलात म्हणून. दर भांडणात. आणि तुम्ही इतकी वर्षं तोंडात काय धरून बसलेलात?"

मी माफी मागू लागलो तर तिनं हात आडवा केला. "आमच्या घरात येऊन हळूच नका सांगू. हसले ते तुमचे लोक. त्यांना लिहून द्या, तुमच्या सहीनं."

म्हणून हे लिहिलं. याच्या प्रती काढून घरातल्या प्रत्येकाला पाठवतो आहे, पहिली मेहुण्याला. तो रागावेल, येणंजाणं बंद करील. करू दे.