हळदीवरचं बोट

रविवारची दुपार. लिंबाचं लोणचं कालवून मी दिवाणावर जरा आडवी होते. कुडत्याच्या खांद्यावर हळद सांडली आहे, उठल्यावर धुवू. डोळे मिटतात, पण झोप लागत नाही. अकरावीतली माझी लेक ऋजुता आता क्लासहून येईल. तिचा मित्र शार्दूल तिच्याकडे सारखे फोटो मागतो: कुठे आहेस, शेजारी कोण बसलंय. काल त्याने फोनचा पासवर्डही मागितला. "त्याला काळजी वाटते गं, आई," ती म्हणाली. मी ओरडले तर ती मला सांगणंच बंद करेल. गप्प बसले तर पासवर्ड देऊन टाकेल.

पंख्याचा आवाज लांब जातो. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासतंय.

"ही काय घासणी आहे? हिने परीक्षानळीसुद्धा स्वच्छ निघायची नाही."

कुमुदआत्या. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. हात कोपरापर्यंत साबणात, काखेत मोडकी छत्री.

"आत्या, तू तर..."

"गेले. माहीत आहे मला. वर नुसती शांतता आहे गं. एक साधं बीकर नाही."

ओट्यावर बर्नर पेटलेत. तिवईवर माझा कुकर उकळतोय. आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलो आहोत आणि कुकर शेजारीच आहे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," कर्ण्यातून आवाज येतो. "ऋजुता जिथे असेल तिथून तिने शेजारच्यांसह फोटो पाठवावा."

फलाटावरचे सगळे प्रवासी निमूट फोनकडे बघून हसतात. एक शेळीसुद्धा.

"हा कोण? आगारप्रमुख?"

"शार्दूल. बारावीत आहे."

"अस्सं."

"आत्या, तिला काय सांगू? मुलगा वाईट आहे म्हणू?"

"पुरावा?" आत्या भुवई उचलते. "हळदीत पाणी घातलंस, पिवळी. दूध घातलंस, पिवळी. लाल कधी होते?"

"साबण लागला की."

"मग माणसाला लावायचा साबण कोणता?"

ती माझ्या खांद्यावर बोट टोचते. वर्गात लक्ष नसलेल्या प्रत्येकीला टोचायची, तसंच.

"'नाही'! लहानसा, साधा 'नाही'. मग रंग बघायचा." ती छत्री पुढे करते. "साखरपुडा झाला होता माझा. तो म्हणाला, सिनेमाला चल. म्हटलं, आज नाही, पेपर तपासायचेत. त्याने भर चौकात गुडघ्यावर मोडली ही माझी छत्री. मी अंगठी परत केली. छत्री ठेवली."

"पण घरी तर तू पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलंस!"

"तेव्हा घरच्यांना पत्रिका कळायची, छत्री कळायची नाही. तुझा नवरा काय करतो 'नाही' म्हटल्यावर?"

"तोंड पाडतो. मग 'बरं' म्हणतो आणि चहा टाकतो."

"चालेल. तोंड पाडणं म्हणजे रंग बदलणं नव्हे."

"आणि हे तिने एकटीने करायचं?"

"एकटीने?" शेळीसुद्धा दचकते. "माझ्या प्रयोगशाळेत कुणी एकटीने प्रयोग केलाय कधी? फोनवरूनच करू दे. तू शेजारी बस. गप्प बसायला तर तुला शिकवायला नको."

कुकरची शिट्टी होते. दारावरची घंटा वाजते.

मी उठून दार उघडते. ऋजुता आत येते. हातात फोन, चप्पल काढायच्या आधीच बोटं चालू.

"दिलास पासवर्ड?"

"अजून नाही. पण तू आता भाषण..."

"भाषण नाही देत. एकदा नुसतं 'नाही' म्हणून बघ त्याला. कारण देऊ नकोस. मी इथे बसते."

ती माझ्याकडे संशयाने बघते. मग लिहिते, पाठवते. आम्ही दोघी दिवाणावर बसतो.

फोन थरथरतो. पुन्हा. मग थांबतच नाही. ऋजुता वाचते, आणि वाचता वाचता माझ्याकडे सरकत येते. शेवटी फोन उशीखाली सारते आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकायला जाते. मध्येच थबकते.

"आई, हे काय?"

मी मान वळवून बघते. हळदीच्या पिवळ्या डागाच्या मधोमध एका बोटाचा लालभडक ठसा. अजून ओला.