झेंडूवरचे गोणपाट

९ ऑक्टोबर १९८२ रोजी गुंडू घाडीने मनामाच्या बाजारातून अकरा दिनार तीनशे पन्नास फिल्सचे गोणपाट विकत घेतले. त्याच्या पगाराचा तो चौथा हिस्सा होता. त्याला झेंडूवर छप्पर घालायचे होते.

गुंडू देवगडकडचा. बुदैयात अहमद नावाच्या बहारिनी गृहस्थाच्या शेतावर तो नऊ वर्षे माळी होता. शेताच्या दोन्ही बाजूंना व्हिला उठले होते आणि अहमदकडेही जमिनीसाठी माणसे येत होती. अहमदने त्याला एकदाच, उभ्या उभ्या सांगितले होते. खजुरात काही सुटत नाही. दसऱ्याला तुमचे लोक फुले घेतात म्हणतोस, तर लाव. फुलांनी पंपाचे बिल आणि तुझा पगार काढला तर शेत राहील. नाही तर वर्षअखेर खलास, व्हिसा रद्द. गुंडू पन्नाशीला आला होता. या वयात दुसऱ्या कोणी त्याला ठेवून घेतले नसते. गावी बायको रत्नाबाई आणि दोन शिकणारी मुले त्याच्या ड्राफ्टवर चालत होती.

मी तेव्हा बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार. मंडळाने साठ किलो फुले सांगून ठेवली होती, बाकीची मनामातला एक दुकानदार घेणार होता. त्या वर्षी आश्विन अधिक आल्याने दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस होता. झेंडू उत्तम आला होता.

देवगडला दसऱ्याच्या तोंडावर परतीचा पाऊस येतो, फुलांत पाणी साठते आणि ती कुजतात. म्हणून तिकडे वर काहीतरी घालतात. बहारीनला त्या दिवसांत पाऊस नाही, पण पहाटे दव असे पडते की मोटारीच्या काचेवरून ओघळ येतात. गुंडूने दवालाच पाऊस धरला आणि वाफे चारी बाजूंनी झाकून टाकले.

अहमदने ते पाहिले. "गुंडू, ये कपडा मफी. हवा आने दो. अभी कौस चलेगा." मफी म्हणजे नको, आणि कौस म्हणजे तिकडचा दक्षिणेचा दमट वारा.

गुंडूने हो म्हणून मान हलवली. अहमदची गाडी गेल्यावर भाजी न्यायला आलेल्या ताहिरला तो म्हणाला, "तेका झेंडूतला काय कळता? खजूरवालो तो."

ताहिर रत्नागिरीचा, पिकअप चालवायचा. "गुंडूभाऊ, फुलांना बुरखा घातलात. आता निकाह लावूनच काढा."

"हस तू. दसऱ्याक तुझ्या गाडयेक हार मीच घालतलंय."

त्यानंतर आठवडाभराने कौस सुटला आणि तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी मी फुलांचे नक्की करायला गेलो. गुंडू वाफ्यात बसला होता. त्याने सर्वांत मोठे फूल माझ्या हातात दिले. बाहेरून ठीक होते. पाकळ्या धरल्या तशा झुपक्याने सुटून आल्या. आत तपकिरी चिखल होता, त्यावर राखाडी बुरशी.

"मोठी फुलां पयली गेली, साहेबानु. बारकी अजून बरी आसत."

गोणपाट त्याने काढून टाकले होते. सडलेले प्रत्येक फूल तो देठासकट चार बोटे खालून कापत होता. पोते भरले की शेताबाहेर नेऊन जाळायचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झाडांत तेच निघायचे.

"आजच सगळं तोडा," भाजी न्यायला आलेला ताहिर म्हणाला. "कळी तर कळी. मिळेल ते घ्या."

"कळ्यांक गिऱ्हाईक खंय गावतला?"

गुंडूने माझ्याकडे पाहिले. मंडळाला उमललेली फुले हवी होती आणि दसऱ्याला अजून आठवडा होता. मी तसे सांगितले. गुंडू थांबला. रोज कापत राहिला, रोज जाळत राहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी मिळून बावीस किलो फुले निघाली. तोडून होतील तशी ताहिरने सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्यांत ती मनामाला नेली. मंडळाने पंधरा किलो घेतली. दुकानदाराने बाकीची उघडून पाहिली आणि निम्मी परत केली. मंडळाच्या हॉलमध्ये उरलेल्या जागी कागदी तोरणे लावली.

नंतर अहमद आला. किती झाले विचारले. गुंडूने सांगितले. अहमद रागावला नाही. त्याने दोघांसाठी चहा मागवला, प्यायला, आणि म्हणाला, "खलास, गुंडू. इंशाल्ला, गांव में अच्छा होगा."

डिसेंबरात व्हिसा रद्द झाला. ताहिरने त्याला विमानतळावर सोडले, मी बरोबर होतो.

"वहिनींना सलाम सांगा," ताहिर म्हणाला.

"सांगतंय."

तो आत गेला. आम्ही गाडीत येऊन बसलो. मार्चमध्ये शेत विकले गेले आणि पंप उपटून नेला.

विमानतळाच्या फेरीचे ताहिरने काही घेतले नाही. फुलांच्या दोन फेऱ्यांचे तीन दिनार त्याला गुंडूकडून यायचे होते. ते अजून बाकी आहेत.