शब्द न देणाऱ्या विओरिकावहिनी

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या इमारतीत विओरिका टिपणीस यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच असायचं. "बघते."

हळदीकुंकवाला याल ना? बघते. मंडळाच्या गणपतीला मसालेभात तुमच्याकडे लावू का? बघते. आणि मग त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याच हजर असायच्या, घामाघूम, दोन्ही हातांत भाताचं पातेलं धरून. "नक्की" हा शब्द मात्र इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्यांची मुलगी शुभ्रा वैतागायची. "मम्मा, जस्ट से येस! यू ऑलवेज कम एनीवे."

"आले की कळेलच ना त्यांना," वहिनी म्हणायच्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या अन्वरीने एकदा त्यांना चांगलंच धरलं. "भाभी, नक्की नाय तर नाय, इन्शाल्ला तरी बोला. त्यात तुमचं काय जातंय? शब्द अल्लावर जातो."

"म्हणूनच नाही बोलत," वहिनी म्हणाल्या. "माझा शब्द मी त्याच्यावर का ढकलू?"

अन्वरी हसली, मीही हसले. वहिनी हसल्या नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वहिनी रुमानियाच्या. हेमचंद्र टिपणीस पुण्याहून तिकडे पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकायला गेले आणि प्रेमात पडले. परदेशी माणसाशी लग्न करायला तिथे सरकारची परवानगी लागायची. ती मिळेपर्यंत दोघांनी बरीच वर्षं नुसती पत्रं लिहिली. लग्नानंतर वहिनी पुण्यात सासूबाईंजवळ राहिल्या, तिथेच मराठी शिकल्या, आणि चौऱ्याऐंशी साली दुबईत आल्या. सासूबाईंनी, म्हणजे मनोरमाबाईंनी, निघताना स्वतःचं नाव कोरलेली स्टीलची भांडी बांधून दिली होती. वहिनींच्या ओट्यावर चहासाखरेपासून सगळं त्या डब्यांतच असायचं.

त्यांची आणखी एक सवय होती. कोणत्याही गेलेल्या माणसाचं नाव निघालं की त्या आपल्या भाषेत हळूच काहीतरी पुटपुटायच्या. मी अर्थ विचारला. "'देव त्याला क्षमा करो.' आमच्याकडे म्हणावंच लागतं, बाई. ओळखीचा असो नसो. तुम्ही शिंक आल्यावर 'सत्य आहे' म्हणता ना, तसं आपोआप तोंडात येतं."

शहाण्णव साली त्यांची आई वारली. त्या गावी जाऊन आल्या, आणि ऑक्टोबरात वडिलांना इकडे घेऊन आल्या. ग्रिगोरे आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे. रुंद खांद्यांचे, शेतकऱ्याच्या जाड बोटांचे. एसीचा वारा त्यांना सोसवत नसे, म्हणून उकाड्यातही लोकरी टोपी घालून बाल्कनीत बसत. खाली कॅफेटेरियाच्या दारात ड्रायव्हर लोक चहा पीत उभे असायचे. आजोबा त्यांच्याकडे बघत बसायचे.

मी शाळेतून आले की घटकाभर त्यांच्याजवळ बसायची. मी इतिहास शिकवते हे कळल्यावर त्यांना बोलायला माणूस मिळाला. वहिनी किंवा टिपणीस मराठीत सांगायचे. सारं आयुष्य वर्गात इतिहास शिकवून पेत्रु ग्रोझा हे नाव मी पहिल्यांदा त्या बाल्कनीत ऐकलं.

ग्रोझा त्यांच्याच भागातले. धर्मगुरूचा मुलगा, परदेशात शिकलेला वकील, श्रीमंत जमीनदार, कपड्यांचा शौकीन, हसून बोलणारा. त्यांनी शेतकऱ्यांचा एक पक्ष काढला होता, 'नांगरकऱ्यांची आघाडी'. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा देशात रशियन फौजा होत्या. कम्युनिस्ट मात्र मूठभर. लोकांनी त्यांना कधी जवळ केलं नसतं. त्यांना एक भला, देवाधर्माचा, जमीनजुमल्याचा चेहरा हवा होता. मॉस्कोहून आलेल्या माणसाने राजावर दडपण आणलं आणि पंचेचाळीसच्या मार्चमध्ये ग्रोझा पंतप्रधान झाले. पोलीस आणि न्यायखातं कम्युनिस्टांच्या हातात गेलं. हसरा चेहरा तेवढा पुढे राहिला.

"आम्हाला जमीन दिली त्यांनी," आजोबा जाड बोटं पसरून सांगायचे. मोठ्या जमीनदाराच्या शेतातला एक तुकडा त्यांनाही मिळाला होता. सव्वीस वर्षांचे होते तेव्हा. सभेत ग्रोझांना त्यांनी लांबून पाहिलं होतं. "इतका चांगला कोट! मी म्हटलं, स्वतः एवढ्या जमिनीचा धनी, हा माणूस दुसऱ्याची जमीन कशी काढून घेईल?"

शेचाळीसच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली. सरकारी बाजूच्या सगळ्या पक्षांचं मिळून एकच चिन्ह होतं, सूर्य. गावात लोकांना एकच भीती होती, रशियासारखी सामुदायिक शेती इथेही लादतील. आजोबा ग्रोझांच्या आघाडीचे गावातले कार्यकर्ते. ते दारोदार गेले आणि सांगत सुटले, तसं काही होणार नाही. मतं उलटीच पडली होती म्हणतात, निकाल मात्र सरकारच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तरुण राजाला गादी सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. ती करून घ्यायला राजवाड्यात गेलेल्यांत स्वतः पंतप्रधान होते. एकोणपन्नास साली सामुदायिक शेती आलीच. पंतप्रधान तेव्हाही ग्रोझाच होते.

"फसवलं आम्हाला," आजोबा म्हणायचे आणि थांबायचे. ही गोष्ट ते नेहमी इथेच संपवत.

आजोबा दुबईत आले त्या शहाण्णवच्या नोव्हेंबरात रुमानियात पुन्हा निवडणूक झाली आणि जुनं सरकार हरलं. टीव्हीवर बातमी बघून टिपणीस आनंदाने ओरडले. आजोबांनी टोपी सारखी केली. "म्हणजे या वेळी मोजली वाटतं मतं."

पुढची गोष्ट मला वहिनींनी सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता.

आजोबांच्या घरासमोर तोआदर नावाचा शेतकरी राहायचा. शेचाळीसच्या निवडणुकीत आजोबा त्याच्या फाटकाशी गेले तेव्हा तो म्हणाला होता, "पंतप्रधानांना मी ओळखत नाही. तुला ओळखतो. तू शब्द देतोस?" आजोबांनी टोपी काढून शब्द दिला. चार वर्षांनी जमीन सामुदायिक शेतीत द्या म्हणून माणसं आली, तेव्हा तोआदरने नकार दिला. त्याला गावाचा शत्रू ठरवून काळ्या समुद्राकडच्या कालव्याच्या खोदकामावर नेलं. तो परत आला नाही. आजोबांचाही तुकडा पुढे गेलाच, पण त्यांनी मुकाट्याने सही केली होती. तोआदरची बायको सावेता त्याच समोरच्या घरात राहिली. चाळीसहून जास्त वर्षं दोन्ही घरं समोरासमोर होती. ना नमस्कार, ना विस्तवाची देवघेव.

"मी लहान होते," वहिनी म्हणाल्या. "मी रस्त्यात दिसले की सावेताकाकू पलीकडे जायची. मला वाटायचं, माझ्या अंगाला वास येतो. मी घरी येऊन पुन्हा अंघोळ करायची."

त्यांच्याकडे रीत अशी की माणूस गेलं की धर्मगुरू त्याच्या वतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांची क्षमा मागतो. अंगणात उभे असलेले सगळे म्हणतात, 'देव क्षमा करो.' मग उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद घरोघर देतात. वहिनींच्या आईच्या वेळी सगळं गाव आलं. समोरचं दार बंद राहिलं.

"तेव्हापासून बाबांना झोप नाही. म्हणतात, माझ्या वेळी ते दार उघडं हवं. मला म्हणतात, तू विचार तिला, तू बाईमाणूस आहेस, तुला नाही म्हणणार नाही." वहिनींनी शेंगा बाजूला सारल्या. "मी सांगितलं, शब्द तुमच्या तोंडाने दिलात, क्षमाही तुमच्याच तोंडाने मागा."

"फार कठोर झालात वहिनी."

"झाले," त्या म्हणाल्या.

शेवटी आजोबा कबूल झाले. गावातल्या धर्मगुरूंच्या घरी फोन होता. त्यांनी सावेताबाईंना विचारलं, कोणाचा फोन आहे हे न लपवता. येईन म्हणाल्या. जानेवारीतला एक शुक्रवार ठरला. त्याआधी रोज आजोबा बाल्कनीत बसून काय बोलायचं ते घोकत होते. अन्वरीला ती प्रार्थना वाटली. मला म्हणाली, "म्हाताऱ्याची इबादत वाढली हो. बरी लक्षणं नायत."

त्या शुक्रवारी वहिनींनी मला बोलावून घेतलं. "बाई, या. मला घरात कुणीतरी हवंय." आजोबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा स्पीकर लावला होता. आजोबांनी दाढी केली होती, कोट घातला होता. टिपणीस माझ्याजवळ बसून हलक्या आवाजात मराठी करून सांगत होते.

"बोल," फोनमधून बाईचा आवाज आला. कोरडा, स्पष्ट.

आजोबांनी टोपी काढली. मग त्यांनी सुरुवात केली. थंडी कशी आहे, बर्फ पडलं का. मग ते घोकलेलं बोलू लागले. पंतप्रधान कसे सभ्य होते. त्यांचा कोट. त्यांचं भाषण. आघाडीच्या माणसांनी काय काय सांगितलं होतं. मॉस्कोचा हात होता हे खेड्यातल्या पोराला कसं कळणार. आवाज चढत गेला. वहिनी समोर उभ्या होत्या. त्यांनी एकदाच बापाच्या दंडाला हात लावला. ते थांबले नाहीत.

"संपलं?" सावेताबाई म्हणाल्या.

आजोबांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"माझ्या फाटकाशी पंतप्रधान आले नव्हते, ग्रिगोरे. तू आला होतास."

टिपणिसांनी हे मला खाली मान घालून सांगितलं. एकच शब्द बोलायचा राहिला होता, हे भाषा न कळणाऱ्या मलाही कळत होतं. आजोबांचे ओठ हलले.

"मलाही फसवलं, सावेता."

"हो," ती म्हणाली. "पण तू रोज आपल्या घरात झोपलास."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून आजोबांनी पंतप्रधानांचं नाव काढलं नाही. दोन दिवस जेवले नाहीत. मग वहिनींना म्हणाले, "पुन्हा लाव. या वेळी म्हणतो." वहिनींनी धर्मगुरूंना फोन केला. सावेताबाईंना ताप होता, बऱ्या झाल्या की कळवतो म्हणाले. निरोप यायच्या आधीच एका सकाळी आजोबा बाल्कनीतल्या खुर्चीतून खाली कोसळले. हॉस्पिटलात आठवडाभर होते. वाचा गेली होती. वहिनी उशाशी बसून असायच्या. एकदा मी गेले तेव्हा आजोबा डाव्या हाताने डोक्यावर काहीतरी चाचपत होते. वहिनींनी लोकरी टोपी घातली, तर त्यांनी ती काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. वहिनी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या.

ते गेले. टिपणीस म्हणाले, इथेच दफन करू, इथे दफनभूमी आहे, तिथे त्या बंद दारासमोर कशाला न्यायचं? वहिनींनी ऐकलं नाही. "त्यांना तिथेच जायला हवं," एवढंच म्हणाल्या. टिपणीस कचेऱ्यांतून वणवण फिरले. अन्वरीने न सांगता शुभ्राला आपल्याकडे जेवायला-झोपायला नेलं. सामान भरताना वहिनींनी ओट्यावरचा एक डबा रिकामा करून त्यात खजूर भरले, गावातल्यांना द्यायला.

परत आल्या त्या संध्याकाळी त्या सरळ माझ्याकडे आल्या. हातात तो डबा होता. टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

"दार उघडलं?" मी विचारलं.

"अंगणात धर्मगुरू क्षमेचं वाचायला लागले. मी म्हटलं, थांबा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या वडिलांनी तोआदरला शब्द दिला होता. तो खोटा ठरला. त्यांना माफी मागायची होती, मागता आली नाही. त्यांच्या वतीने मी मागत नाही. हे असं झालं, एवढंच सांगते." वहिनींनी पाण्याचा घोट घेतला. "लोक रागावले. मेलेल्या माणसासमोर कोणी असं बोलतं का? समोरचं दार बंदच होतं."

दफन झाल्यावर त्यांनी त्या डब्यात गव्हाचा प्रसाद भरला आणि एकट्या रस्ता ओलांडून फाटकाशी उभ्या राहिल्या. बर्फ वितळून चिखल झालेला. बऱ्याच वेळाने सावेताबाई बाहेर आल्या. काठी टेकत. काही न बोलता डबा घेतला आणि आत गेल्या.

"आत काय केलं, कोण जाणे. खाल्ला, की कोंबड्यांना घातला. परत आली ती डबा धुऊन, पुसून. रिकामा."

रिकामं भांडं परत देऊ नये, हे वहिनींना मनोरमाबाईंनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

"डबा माझ्या हातात देताना तिचं बोट या अक्षरांवरून फिरलं." वहिनींनी डबा माझ्याकडे वळवला. बुडाजवळ कोरलेलं होतं, मनोरमा टिपणीस. "म्हणाली, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, माझ्या सासूबाईंचं नाव. म्हणाली, आहेत? मी म्हटलं, नाही, गेल्या."

वहिनींनी डबा पुन्हा स्वतःकडे वळवला.

"तर म्हणाली, 'देव तिला क्षमा करो.'"

"आणि आजोबांना?"

"मी वाट बघत उभी राहिले, बाई. ती माझ्याकडे बघत होती. मी कशाची वाट बघते ते तिला माहीत होतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मग तिने फाटक लावलं. आदळलं नाही. नुसतं लावलं."