लोधीपुऱ्यातली बिनखिडकीची शाळा

आम्ही रिटायर झालेल्या तिघी-चौघी मास्तरणी बुधवारा पेठेत कुणाच्या घरी जमलो की शाळेचा विषय निघतोच. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दोन आठवतात. हसणं सुरू होतं आणि मधेच कुणीतरी चहा टाकते म्हणून उठून आत जातं. आमच्या शाळेचे किस्से असेच आहेत, काय करणार!

आमची मुलींची मराठी शाळा लोधीपुऱ्यात, भाड्याच्या जागेत होती. जागा म्हणजे कापसाचं जुनं गोडाऊन! पार्टिशन घालून चार वर्ग केलेले. खिडकी एकही नाही. कापसाला खिडकी कशाला लागते? वर छपराजवळ झरोके होते, तेही गोणपाट ठोकून बंद केलेले. कारण शेजारी जिनिंग. सीझन सुरू झाला की तिथला कापूस उडून थेट मुलींच्या नाकातोंडात! झरोके उघडले तर तंतू, बंद ठेवले तर घुसमट.

चौथीला वत्सलाबाई होत्या. एकदा त्या 'शुद्ध हवा' हा धडा शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, "शुद्ध हवा कुठे असते?" पुस्तकात उत्तर होतं, शेतात, नदीकाठी वगैरे. शेवंता नावाची मुलगी उभी राहिली. आईबाप केळीच्या बागेत मजुरीला जायचे. ती म्हणाली, "बाई, दाराच्या भाईर!"

सगळा वर्ग हसला. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

* * *

आमचे हेडमास्तर महाजन गुरुजी फार भित्रे. सही करायची म्हणजे कागद तीनदा वाचायचे, मग पेन उघडायचे. तरी त्यांनी धीर करून खिडक्यांसाठी सरकारकडे अर्ज केला. तेव्हा आमची राजधानी नागपूर. उत्तर यायच्या आत, छप्पन साली, राज्यच बदललं! आम्ही होतो तिथेच, राजधानी मात्र भोपाळला गेली. अर्ज परत आला : हिंदीत करा. गुरुजींनी केला. पुन्हा परत आला : फाईल जुन्या राज्याची आहे, नव्यानं करा. तोही केला.

शेवटी एक दिवस टांग्यातून मोठं खोकं आलं. आम्ही सगळ्या धावलो. उघडून बघतो तर विजेचा पंखा!

शाळेत वीजच नव्हती.

गुरुजींनी पोच लिहिली, "पंखा मिळाला. आभारी आहोत."

मी म्हटलं, "गुरुजी, आभार कशाचे?"

"कुसुमबाई, राज्य नवीन आहे. आत्ताच कशाला नाराज करायचं?"

* * *

त्याच सुमाराला नव्या राज्यात मिसळलेल्या जुन्या राज्यांचे नोकर एका लिस्टमध्ये आले आणि विंध्य प्रदेशातले तिवारीजी आमच्याकडे हिंदी शिकवायला आले. पहिल्याच तासाला दहा मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर. म्हणाले, "बाईजी, यहाँ बच्चियों को पढ़ाते हैं या सुखाते हैं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरीचा वर्ग सरळ नदीवर, राजघाटावर नेला. नेमके त्याच दिवशी इन्स्पेक्टर आले.

"तीसरी कहाँ है?"

गुरुजी रजिस्टरची पानं उलटायला लागले. शेवटी शिपाई बोलला, "साहब, हवा खाने गई है!"

तिवारीजींना मेमो मिळाला आणि सिनिऑरिटी लिस्टमध्ये त्यांचं नाव खाली गेलं. ते कुणाशी भांडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "उस दिन एक भी बच्ची नहीं खाँसी, यह किसी ने लिखा क्या?"

* * *

खोकला वत्सलाबाईंनाही लागला होता. आधी वाटलं, कापसाचा. मग डॉक्टरांनी टीबी सांगितला. म्हणाले, मोकळ्या हवेत राहा, मुलींपासून लांब राहा. त्यांनी रजा मागितली. पण त्यांचं सर्व्हिस बुक नागपूरहून निघालेलं आणि भोपाळला पोचलेलं नाही. सर्व्हिस बुक नाही तर रजा नाही! विधवा बाई, घरात म्हातारी सासू. नोकरी सोडून जाणार कुठे?

त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि उंबऱ्याबाहेर उन्हात ठेवली. तोंडाला पदर लावून तिथूनच शिकवायच्या, मोठ्यानं. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचला पाहिजे ना! दम लागला की थांबायच्या.

मुलींना काही माहीत नव्हतं. शेवंता एकदा दाराशी जाऊन हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला कोनं भाईर काढलं?"

"मीच," वत्सलाबाई म्हणाल्या. "जा, जागेवर बस."

* * *

पावसाळ्यात वत्सलाबाईंनी अंथरूण धरलं. तोवर शेवंताही खोकायला लागली होती. दिवाळीआधीच ती गेली. वत्सलाबाईंना सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

मी भेटायला गेले की त्या विचारायच्या, "शेवंता येते ना शाळेत?"

"येते."

"कुठे बसते?"

"दाराशी."

मग त्या डोळे मिटायच्या. संक्रांतीच्या आसपास त्याही गेल्या. त्यानंतर महिन्याभरानं त्यांचं सर्व्हिस बुक आलं. रजा मंजूर.

* * *

शेवंता गेली तेव्हा महाजन गुरुजी आणि मी तिच्या घरी गेलो होतो. तिची आई रडत नव्हती. ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "गुरुजी, आमचं घर काड्यांचं. वारा या अंगानं शिरतो अन् त्या अंगानं निघतो. मंग पोरीनं हा खोकला आनला कुठून?"

गुरुजींनी उठून त्या भिंतीच्या फटीपुढे हात धरून बघितला.

वत्सलाबाईंचं रजेचं पत्र आलं त्या दिवशी ते वाचून गुरुजींनी घडी करून खिशात ठेवलं. चौथीच्या मुलींना माझ्या वर्गात पाठवलं, शिपायाकडून पहार मागवली, कोट काढून खुंटीला अडकवला आणि जिनिंगच्या उलट अंगाची भिंत फोडायला घेतली. शिपाई म्हणाला, "गुरुजी, मी करतो." गुरुजी म्हणाले, "नको. तुझी नोकरी जाईल." संध्याकाळपर्यंत दोन खिडक्यांएवढी भोकं पडली. गुरुजींच्या हाताला फोड आले होते.

मालकानं तक्रार केली. चौकशीला नवे इन्स्पेक्टर आले. त्यांनी चौथीत जाऊन त्या फुटक्या विटा बघितल्या, अजून झाडून न काढलेला चुना बघितला.

"यह किसके हुक्म से हुआ?"

"माझ्या," गुरुजी म्हणाले. राजीनामा लिहून हातात तयार होता.

साहेबांनी तो घेतला नाही. ते मुलींच्या शेजारी तरटावर मांडी घालून बसले. मला म्हणाले, "आप पढ़ाइए." मी पाढे घेतले. ते तास संपेपर्यंत बसून होते.

मग उठून त्यांनी रजिस्टर मागवलं आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. ते गेल्यावर आम्ही सगळे वाचायला धावलो.

एकच ओळ होती : "खिड़कियाँ पुरानी हैं।"